दारातली मिलिटरी गाडी

मंडळी, लष्कराची जुनी गाडी लिलावात स्वस्त मिळते असे कुणी सांगितले, की आपल्या शेतकऱ्याचे डोळे चमकतात. माझेही चमकले होते. साल १९९२. निफाड तालुक्यातली आमची काळी जमीन, पावसाळ्यात मळ्याच्या वाटेवर बैलगाडीसुद्धा रुतायची. अशा वाटेवरून चारही चाकांना ओढ असलेली गाडी चालेल, या आशेने मी पुण्याकडच्या एका लिलावात ‘शक्तिमान’ ट्रक घेतला. बरोबर थोरले बंधू अण्णा होते. अण्णांनी सतरा वर्षे लष्करात हीच गाडी चालवली होती.

हा ट्रक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून तो जबलपूरच्या सरकारी कारखान्यात बनू लागला. १९७१ च्या लढाईत जवान आणि दारूगोळा याच गाड्यांनी वाहिला. त्याचे जाड पत्र्याचे नाक आणि पुरुषभर उंचीचे बॉनेट पाहून मी तर हरखूनच गेलो. टायरची नक्षी नवी कोरी. मी म्हणालो, “अण्णा, गाडी फार चाललेलीच नाही!”

अण्णा खाली वाकले, टायरच्या कडेला नखाने टोकरले आणि म्हणाले, “चालली नाही, हेच दुखणे आहे. लोखंड म्हातारे होत नाही, रबर होते. उभी राहून राहून वाळलेय बघ.” खरेच, टायरच्या अंगावर केसासारख्या बारीक भेगा होत्या. त्यांनी तिथेच बजावले, की गाडी घरी नेल्यावर सगळे टायर, ब्रेकच्या रबरी नळ्या, पट्टे, झाडून सगळे रबर बदलायचे. डिझेलची टाकी उतरवून तळाचे पाणी आणि गंज धुवायचा. मगच ओझे घालायचे.

रंगही बदलावा लागला. लष्कराचा तो हिरवा रंग आपल्या खासगी गाडीला चालत नाही, तसा नियमच आहे. आम्ही निळा दिला. आरटीओतले हेलपाटे मात्र विचारू नका.

पंक्चरचे एक सांगून ठेवतो. या गाड्यांची चाके तुकड्यांची असतात. टायर जागेवर धरायला बाहेरून एक लोखंडी रिंग बसवलेली असते. ती नीट बसली नसेल, गंजली असेल, तर हवा भरताना सुटते आणि तोफेच्या गोळ्यासारखी उडते. समोरचा माणूस वाचत नाही. अण्णा चाकाला साखळी गुंडाळल्याशिवाय हवा भरू देत नसत, आणि नळी लांब घेऊन बाजूला उभे राहायला लावीत. दुकानातला पोरगा हसायचा. हसू दे, पण तुम्ही तसेच करा. आणि पुढच्या चाकांची ओढ चिखलापुरतीच. डांबरी रस्त्यावर ती तशीच ठेवली तर टायर घासतात, यंत्रावर ताण येतो आणि गिअर अडकून बसतो. मी एकदा विसरलो, तेव्हा तो सोडवता सोडवता घाम फुटला होता.

पुढच्या वर्षी भाच्याचे लग्न निघाले. दाजी म्हणाले, “एवढी गाडी दारात असताना वऱ्हाडाने भाड्याची बस करायची?” अण्णांनी साफ नकार दिला. “दाजी, ही माल वाहायची गाडी. मागे पन्नास माणसे बसवायची नाहीत. कलंडली तर कुणाच्या दारात तोंड दाखवू?” दाजी रागावले. खरे सांगतो, मी मनातून दाजींच्याच बाजूचा होतो. घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलले नाही.

आता जे सांगायला हात धजत नव्हता ते सांगतो. अण्णांनी सांगितलेल्या ब्रेकच्या नळ्यांपैकी पुढच्याच मी बदलल्या होत्या. मागची बरी दिसली म्हणून तशीच ठेवली. औषध फवारणीचा खर्च तोंडावर होता. अण्णांना मात्र म्हणालो, “सगळ्या बदलल्या.”

लग्नानंतर महिन्याभराने मी कांदा भरून वाशीला निघालो. शेजारी थोरला मुलगा, वय वर्षे नऊ, मुंबई पाहायला म्हणून हट्टाने आलेला. इगतपुरी सोडून कसारा घाट लागला. ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात तो उतरायचा, ही अण्णांची शिस्त अंगात मुरली होती, म्हणून गाडी बारीक गिअरात होती. दोन वळणे गेली आणि मागून फाटल्यासारखा आवाज आला. पाय दाबतोय, गाडी थांबत नाही! इंजिन धरून होते म्हणून गाडी सुसाट सुटली नाही, एवढेच. हातब्रेक ओढला, कडेला मुरमाचा ढीग दिसला, त्यात चाक घातले. गाडी थांबली. उतरून चाकाखाली दगड लावताना माझे हात कापत होते. पोरगा विचारत होता, “बाबा, मुंबई आली का?”

मागची नळीच फुटली होती.

घरी येऊन अण्णांना सगळे सांगितले, खोटे बोललो होतो तेही. वाटले, शिव्या देतील. ते उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ बैलांना चारा टाकीत राहिले. रात्री जेवताना एवढेच म्हणाले, “वऱ्हाड बसले असते तर?”

आज कुणी अशी गाडी घेणार असेल तर आधी आरटीओत विचारून या. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते. लष्कराच्या कामगिरीवरच्या खास गाड्या त्यातून वगळल्या आहेत, पण तुम्ही घ्याल ती गाडी तुमच्या नावावर चढेल की नाही, हे पैसे भरण्याआधी कळलेले बरे. लिलावात आपल्या ओळखीचा जुना लष्करी ड्रायव्हर किंवा मिस्त्री बरोबर न्या. आणि त्याने सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीतच धरा.

आमची शक्तिमान २००६ मध्ये भंगारात गेली. अण्णाही आता नाहीत. ती फुटलेली नळी त्यांनी गोठ्याच्या खुंटीला अडकवून ठेवली होती. मी अजून काढलेली नाही.