भुतांच्या रात्री घुबडाची भेट

भय आणि उत्सव ही दोन टोके एकत्र नांदू शकतील, असे सहसा कोणास वाटत नाही. तरीही अनेक समाजांनी वर्षातील एखादी रात्र भयासाठी राखून ठेवलेली आढळते. आयर्लंड व स्कॉटलंड येथील जुन्या लोकांची अशी समजूत होती की, सुगी संपून हिवाळा लागण्याच्या सुमारास मृतांचे आत्मे परत येतात. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याची आदली रात्र ‘हॅलोविन’ म्हणून रूढ झाली. त्या रात्री आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात ते मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. तेथे भोपळा मुबलक, शिवाय कोरावयास सोपा. तेव्हा सलगमाची जागा भोपळ्याने घेतली.

२०२२ सालच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही घरची पाच माणसे बडोद्याहून न्यू जर्सी राज्यात मामांकडे गेलो होतो. २४ ऑक्टोबरला तेथेच लक्ष्मीपूजन झाले. मामांच्या दारात एका पायरीवर आमच्या पणत्या आणि दुसऱ्या पायरीवर दात विचकणारा भोपळा, असा मोठा गमतीचा शेजार जमला होता. त्या आठवड्याच्या शनिवारी जवळच्या सार्वजनिक वनोद्यानात मुलामाणसांसाठी हॅलोविनची सहल होती. भुतांच्या सणासाठी अंधारात रानात जायचे, हे आजीला मुळीच पसंत नव्हते. पण घरी एकटी राहण्यापेक्षा तीही शाल गुंडाळून निघाली.

वास्तविक हे रान फार मोठे नव्हते. पायवाटेच्या दोन्ही कडांना कोरलेले भोपळे मांडले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून आतल्या दिव्यांचा पिवळा उजेड पाझरत होता. मुले चेटकीण, हाडांचा सापळा, वटवाघूळ अशी सोंगे घेऊन आली होती. कित्येकांचे आईबापही सोंगात होते. थोडे अंतर चालून गेल्यावर भोपळे संपले. उद्यानाच्या मार्गदर्शक बाईंनी सर्वांना हातातील दिवे मालवावयास सांगितले. पश्चिमेस पाचवीची चंद्रकोर होती, तेवढाच उजेड. पहिली दोनतीन मिनिटे काहीच दिसेना; मग हळूहळू झाडांचे बुंधे, वाट, शेजारच्याचा चेहरा असे एकेक उमटू लागले. अंधार आपण समजतो तितका काळा नसतो, हे आम्हांला त्या क्षणी प्रथम कळले.

बाईंनी तोंडाने एक कापरा, घोड्याच्या खिंकाळीसारखा आवाज काढला. सगळे स्तब्ध. पुन्हा तोच आवाज. आणि या वेळी ओढ्यापलीकडून उत्तर आले! अंगावर सर्रकन काटा उभा राहिला. भूत झालेला एक छोटा मुलगा आईच्या कुशीत शिरला. उत्तर देणारा पक्षी म्हणजे जेमतेम वीतभर उंचीचे घुबड होते. ते केव्हा आले हे कोणाच्याही कानांनी टिपले नाही. चंद्रकोरीपुढून एक सावली तेवढी सरकली. घुबडाच्या पंखातील पिसांना मऊ झालर असते, त्यामुळे उडताना हवेचा आवाज होत नाही, असे बाईंनी समजाविले.

पुढे एका पडवीत लांब मेजावर करड्या रंगाच्या वाळलेल्या गोळ्या ठेवल्या होत्या. घुबड लहान भक्ष्य अख्खे गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी करून तोंडावाटे बाहेर टाकते. चिमट्याने ती गोळी उकलीत गेलो, तर रानउंदराची इवलीशी कवटी निघाली. तिच्यातील पिवळे दात जसेच्या तसे! जवळच वटवाघळांची चित्रे होती. त्यांची कथा मात्र खेदाची होती. २००६ साली न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी धरलेली वटवाघळे प्रथम आढळली. ही बुरशी त्यांची हिवाळ्यातील झोप मोडते. अंगातील चरबी अवेळी संपते आणि खावयास किडे नसलेल्या त्या दिवसांत ती मरून जातात. उत्तर अमेरिकेत अशी लाखो वटवाघळे मेली. सोंगातल्या वटवाघळाने आपले कापडी पंख मिटून ही सारी हकिगत ऐकली.

परतताना आजी म्हणाली, “आमच्या लहानपणी घुबडाला दगड मारू देत नसत. तो दगड ते उचलून नेतं नि घासत बसतं. दगड झिजेल तसतसा मारणारा झिजतो, असं म्हणत.” आम्ही हसलो. परंतु विचार करता त्या समजुतीने किती घुबडांचे प्राण वाचले असतील, कोण जाणे! सर्वच समजुती इतक्या दयाळू नसतात. लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याची ख्याती, त्याच पक्ष्याचा दिवाळीच्या सुमारास जारणमारणासाठी बळी दिला जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात घुबड पकडणे वा विकणे हा गुन्हा आहे. असे असूनही त्याचा चोरटा व्यापार चालतो, असे ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद आहे. ज्याचे भय वाटते त्याला ठार करावे किंवा त्याची ओळख करून घ्यावी, असे दोन मार्ग माणसापुढे असतात. दुसरा मार्ग आपल्याकडेही कोणी धरलेला नाही असे नाही. पुणे जिल्ह्यातील पिंगोरी या गावी इला फाउंडेशनने २०१८ साली घुबडांचा उत्सव भरविला, आणि त्यात शाळकरी मुलांनी हौसेने भाग घेतला.

त्यासाठी आपल्याला परक्यांचा भोपळा आणावयास नको. आपल्या बडोद्यात १८७९ साली उभारलेले कमाटीबाग आहे; तेथील जुन्या झाडांच्या ढोलीतून संध्याकाळी पिंगळे डोकावतात. दिवाळीआधी पंधरा दिवस कोजागरी येते. त्या रात्री आपण केशरी दूध घेऊन गच्चीवर जागतोच. गाणी आणि पत्ते घटकाभर थांबवून, दिवे मालवून, घरातील लहानथोरांनी नुसते कान द्यावेत. कोण जागे आहे, असे विचारीत लक्ष्मी त्या रात्री फिरते म्हणतात. आपण झोपी गेलो तरी तिचे वाहन जागेच असते. बालमित्रहो, या कोजागरीला त्याची हाक ऐकू आली, तर घाबरून खिडकी लावू नका. आजीआजोबांनाही हाक मारून बोलवा.