परसात पिल्लू दिसलं, तर आधी कुत्रं बांधा

दिवाळीच्या आसपास खांडबारा परिसरात भाताची कापणी होते, गवत निघतं, पुढे ऊसतोड येते. शेतातला आडोसा जातो आणि त्यात दडलेली पिल्लं बांधावर, खळ्यावर, घरामागच्या परसात उघडी पडतात. तिथे सगळ्यांत आधी पोचतं ते घरचं कुत्रं. मी गुरांचा डॉक्टर. पण या दिवसांत टोपलीत झाकून आणलेली सशाची पिल्लंही माझ्याकडे येतात. आणणाऱ्याचं म्हणणं बहुधा एकच असतं : "साहेब, आई सोडून गेली."

बहुतेक वेळा ती गेलेली नसते. आपल्याकडचा काळ्या मानेचा ससा बीळ खोदत नाही. गवताच्या आडोशाला जन्मणाऱ्या पिल्लांचे डोळे उघडे असतात, अंगावर केस असतात. दिवसभर ती निपचित पडून राहतात. आई मुद्दाम लांब राहते, म्हणजे शिकाऱ्याला ठावठिकाणा लागत नाही. अंधार पडल्यावर येऊन पाजते. निपचित पडण्याची ही युक्ती वरून नजर ठेवणाऱ्या घारीपुढे चालते, वासावर येणाऱ्या कुत्र्यापुढे नाही. म्हणून हलवायचं असतं ते कुत्र्याला, पिल्लाला नव्हे. दोन-चार दिवस, विशेषतः संध्याकाळी आणि रात्री, कुत्रं बांधून ठेवा. पोरांना लांब ठेवा. जागा अगदीच उघडी असेल तर पिल्लू कापडाने उचलून जवळच्याच गवतात ठेवा.

माणसाचा वास लागला की आई पिल्लाला घेत नाही, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्याने हा समज खोटा ठरवला आहे. तोडणीत सापडलेले बिबट्याचे बछडे तपासून वनखातं आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रातली माणसं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, आणि मादी रात्री येऊन त्यांना उचलून नेते. उसात सापडलेला प्रत्येक 'बछडा' बिबट्याचाच असतो असंही नाही. रानमांजराची किंवा वाघाटीची पिल्लंही तशीच भासतात. वाघाटी तर पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आतबाहेर भरते. ओळख पटो न पटो, काम थांबवून लांब व्हा आणि वनखात्याला १९२६ वर कळवा.

गाईचं दूध पाजू नका. सशिणीचं दूध त्याहून कितीतरी दाट असतं आणि त्यात साखर फार कमी असते. गाईच्या दुधाने पिल्लाला हगवण लागते. ड्रॉपरने पाजताना दूध फुप्फुसात गेलं तर पिल्लू हातचं जातं. कुत्र्याने तोंडात धरलेलं पिल्लू मात्र लगेच डॉक्टरकडे न्या. दाताचं भोक बारीक दिसलं तरी लाळेतले जंतू आत जाऊन पू होतो. रानमांजर किंवा मुंगूस तुम्हाला चावलं, तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

धोका फक्त दातांचा नाही. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले. तपासणीत कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. गावातल्या कुत्र्याला रेबीज आणि डिस्टेंपरची लस दिली, तर शिवारातली कोल्ही आणि रानमांजरंही वाचतात.

वन्यप्राणी घरी पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. तेव्हा यंदा परसात पिल्लू दिसलं तर टोपली शोधू नका; साखळी शोधा.