आमच्या घरचा नागेश

तंजावरच्या मेलवीदीत आमचं घर. स्वयंपाकघरात मराठी चालायची, ओसरीवर तमिळ. रुसवेफुगवे मराठीत, बाजारहाट तमिळमध्ये. हसायचं मात्र दोन्हीकडे तमिळ सिनेमातल्या नागेशच्या नावानं.

तुम्ही पुण्यामुंबईचे असाल तर नाव चटकन ओळखीचं वाटणार नाही, पण मेहमूद आठवत असेल. ‘प्यार किये जा’मध्ये ओमप्रकाशला भुताची गोष्ट सांगून घाम फोडणारा. तीच गोष्ट त्याआधी, १९६४ साली, श्रीधरच्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’मध्ये आमच्या नागेशनं टी. एस. बालय्याला ऐकवली होती. ‘मैं सुंदर हूँ’ आणि ‘लाखों में एक’ हेसुद्धा आधी नागेशचेच. मेहमूदवर आमचा राग नव्हता, पण सुट्टीत मुंबईची आत्तेभावंडं आली की मूळ माणूस कोण, हे त्यांना पहिल्या पंगतीलाच ऐकून घ्यावं लागे.

तेव्हा सिनेमा म्हणजे गावाबाहेरची टुरिंग टॉकीज. वर झावळ्यांचं छप्पर, खाली वाळू. पुढे कुणी उंच माणूस बसला की वाळू ओढून ढिगारा करायचा आणि त्यावर बसायचं. मागचा ओरडला की मुकाट मोडायचा. रीळ बदलताना दिवे लागत, मुरुक्कू आणि गोटी सोडा फिरे. मग पुन्हा अंधार, आणि पडद्यावर तो किडकिडीत देह, देवीच्या वणांचा चेहरा, स्प्रिंग बसवल्यासारखे हातपाय.

सगळ्यांना सिनेमा परवडत नसे. मग रेडिओ. आकाशवाणीवर सिनेमाचा नुसता आवाज ऐकवत. आमचा रेडिओ पाठीत धपाटा घातल्याशिवाय बोलत नसे. ज्यानं सिनेमा पाहिला असेल त्यानं रेडिओशेजारी उभं राहायचं आणि नागेश आता काय करतोय ते करून दाखवायचं. हे काम बहुधा अण्णाकडे. अण्णा खांबाला टेकायचा, मान टाकायचा, दोन पावलं पळून परत यायचा. आजी म्हणायची, “मेला, नागेशपेक्षा जास्त उड्या मारतो!”

आणि लाउडस्पीकर! लग्न असो, देवळाचा उत्सव असो, ‘तिरुविळैयाडल’चे संवाद लागायचेच. १९६५ चा सिनेमा, शिवाजी गणेशन साक्षात शंकर, आणि नागेश म्हणजे धरुमी, भुकेला गरीब कवी. राजाची शंका फेडणाऱ्या कवितेला हजार मोहरांचं बक्षीस, आणि याला कविता काही सुचत नाही. देवळात एकटाच बसून नशिबाला बोल लावतो. शंकर कविता देतो, पण याला धाकधूक, चूक निघाली तर? दरबारात नक्कीरर या कवीनं खरंच चूक काढली, तेव्हा हा म्हणतो, चुकीपुरतं बक्षीस कापा की! गणिताचे गुण घरी सांगायची वेळ आली की आम्हीही तेच म्हणायचो, चुकीपुरतं कापा, बाकी खाऊ द्या. त्यावर वडिलांना हसू आवरलं नाही की आम्ही सुटलो.

आमच्या घरात माणसांना नावंही नागेशच्या सिनेमांतूनच मिळत. शिकायला आलेला, जिन्याखाली वळकटी टाकून सगळ्यांची कामं करणारा भाचा म्हणजे ‘एदिर नीच्चल’चा माडिप्पडि मादू. पंगतीत हातावर पेल्यांची चळत पेलणारा तो सर्वर सुंदरम. धंदा काढतो म्हणून बापाच्या मागे लागणारा तो ‘कादलिक्क नेरमिल्लै’चा चेल्लप्पा. आणि दोन्हीकडे गोड बोलून मधल्यामध्ये मलई खाणारा ‘तिल्लाना मोहनांबाळ’चा वैद्दी. असे वैद्दी आमच्या नात्यात बरेच होते.

आजीला तो आपला वाटे. खरं नाव गुंडूराव, घरात कन्नड, वाढला धारापुरमला. रेल्वेत कारकुनी करता करता नाटकात पोटदुखीचा रोगी झाला आणि एम. जी. आर. यांची शाबासकी घेऊन आला. “घरात एक भाषा, दारात दुसरी. आपल्यासारखाच आहे की!” आजीचा हिशेब सोपा होता.

आमची मुलं मोठी झाली तोवर नागेशनं सोंग पालटलं होतं. ‘अपूर्व सगोदररगळ’मध्ये, म्हणजे तुमच्या ‘अप्पू राजा’त, तो खलनायक. मुलं त्याला शिव्या देत होती आणि आम्ही, “अरे, तो नागेश आहे!” म्हणून रागावत होतो. ‘मगळिर मट्टुम’मध्ये तर नुसतं प्रेत झाला, आणि तरी थिएटर हसत होतं. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो मात्र ‘नम्मवर’मधल्या लेक गमावलेल्या बापाला. जन्मभर हसवलं त्याचं बक्षीस नाही, रडवलं त्याचं! अक्काला हे अजून पटलेलं नाही. ३१ जानेवारी २००९ ला तो गेला, तेव्हा चेन्नई, पुणे, न्यू जर्सी असे आमचे फोन रात्रभर चालू होते.

परवा मेलवीदीचं घर विकायचा विषय निघाला. दलाल आला, तशी अक्का मराठीत पुटपुटली, “वैद्दी आला.” नाव तेवढं त्याला कळलं आणि तो गालात हसला. मग त्यानं जुन्या कागदांत चूक काढून भाव पाडायला घेतला. सत्तरीच्या अण्णानं खांबाला टेकून, मान टाकून, धरुमीच्या आवाजात सुनावलं, चुकीपुरतंच कापा. दलाल पोट धरून हसला. दलाली मात्र त्यानं पुरती लावली.