येलदरीवरचा ढग

माघात जिंतूरकडे फेरी निघाली, की मी वाट वाकडी करून येलदरीला जातो. पूर्णेवरचे हे धरण १९६८ चे. पाण्याकाठी चक्रवाकांच्या जोड्या असतात. उन्हाळ्याआधी त्या हिमालयापलीकडे परततात. पूर्वी मी तासभर बघत बसे. आता नजर आभाळाकडेच.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाडाभर गारपीट झाली. त्याआधी एकाला मीच म्हणालो होतो, "कापलेला हरभरा दोन दिवस वाळू द्या." दुसऱ्याच दिवशी गारा पडल्या. त्यांच्या कारभारणीने ओंजळभर चिखलातले घाटे माझ्यापुढे धरले. बोलली काहीच नाही.

ढग दिसला, तर आधी सुडी घालून ताडपत्री टाका. ओल राहिली, तर ऊन पडताच सुडी मोडून वाळवता येते.