‘मला वाटते’

भाषांतर हा माझा रोजचा व्यवसाय. तरीही तिशी उलटल्यावर हौसेने मी स्पॅनिश शिकू लागले. आरंभीच आवडनिवड सांगण्याची वाक्ये आली. ‘मे गुस्ता एल मांगो’, म्हणजे मला आंबा आवडतो. आंबे अनेक झाले की क्रियापद बदलते: ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. कर्ता आंबा, आपण केवळ ‘मला’. इंग्रजी वळणाच्या माणसाला हे उलटे वाटते, मराठी माणसाला घरचेच! झालेला अनुभव सांगायचा तर ‘मे गुस्तो’, मला आवडले. मत द्यायचे तर ‘मे पारेसे के’, मला वाटते की. किंवा ‘एन मि ओपिनिओन’, माझ्या मते.

हीच वही घेऊन मी एकदा दिल्लीच्या हिंदूराव रुग्णालयात वडिलांच्या उशाशी बसले होते. बायजाबाई शिंदे यांचे बंधू, कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव, यांचा वाडा या टेकडीवर होता. त्यांचेच नाव रुग्णालयाला मिळाले आहे. परमुलखात त्या नावाचाही आधार वाटे. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती. भावाने व मी होकार ठरवूनही टाकला होता. बाबांची सही तेवढी राहिली होती आणि ते ‘उद्या पाहू’ म्हणून भिंतीकडे तोंड फिरवीत.

वहीचे पान उलटले. पुढचे वाक्य होते, ‘के ले पारेसे?’ आदरार्थी प्रश्न: आपल्याला कसे वाटते? दोन-तीनदा घोकले आणि मी चपापले. दोन दिवसांत हा प्रश्न आम्ही बाबांना विचारलाच नव्हता.

“बाबा, तुम्हांला काय वाटतं?”

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “मला भीती वाटते गं.”

हे शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. मग एकेक शंका बाहेर आली: भूल उतरेल ना, आईकडे कोण पाहील. डॉक्टरांनी शांतपणे समजावले. दुसऱ्या दिवशी बाबांनी आपण होऊन सही केली.

भीतीसाठीही स्पॅनिशमध्ये तसेच वाक्य आहे: ‘मे दा मिएदो’. ते मी आता विसरणार नाही. परकी भाषा आपण शिकाल तेव्हा शिकाल. परंतु ‘तुम्हांला काय वाटते?’ हा प्रश्न आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून पाहा.