छडीचा उलटा क्रम

‘हॅरी पॉटर’ मालेचा चौथा खंड २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात एका छडीने केलेल्या जादूचे पडसाद उलट्या क्रमाने बाहेर पडतात. साहजिकच, नंतर मारली गेलेली आई आधी प्रकटावयास हवी. प्रकटतो तो बाप. वाचकांनी हे तात्काळ हेरले. तिसऱ्या खंडात (१९९९) बापच आईला मूल घेऊन पळून जावयास सांगतो, हा पुरावा निर्विवाद होता. तरीही कित्येकांनी या विसंगतीत गूढ संकेत पाहिला, त्यावर उपपत्ती रचल्या. विद्यापीठांतून तरी संहिता इतक्या तन्मयतेने कितीजण वाचतात? पुढे रोलिंग यांनी ती निव्वळ चूक असल्याचे मान्य केले. उपपत्ती कोसळल्या, त्यांमागचे वाचन नव्हे. नव्या मुद्रणांत क्रम सुधारला गेला. ग्रंथालयांतील जुन्या प्रतींत मात्र बाप अद्याप आधीच येतो.