शिरूर ते दौंड, पाच वॅटमध्ये

नकाशावर पट्टी ठेवली तर शिरूर ते दौंड हे अंतर पन्नास किलोमीटरही भरत नाही. पण हॅम रेडिओच्या 40 मीटर बँडवर हा पल्ला अवघड आहे. जमिनीलगतची लहर एवढ्या अंतरात फार क्षीण होते, त्यामुळे 7 मेगाहर्ट्झचा संदेश जवळजवळ सरळ वर पाठवून आयनांबरातून खाली परत आणावा लागतो. माझ्याकडे घरी बांधलेला पाच वॅटचा मोर्स ट्रान्समीटर, तर पलीकडे दौंडला रेल्वेतून निवृत्त झालेले एक परवानाधारक काका. इतक्या कमी शक्तीत काही वाया घालवणं परवडत नाही. म्हणून अँटेनाआधीच्या लो-पास फिल्टरचे कपॅसिटर मी सगळ्यात निगुतीनं निवडले.

हा फिल्टर 14, 21 मेगाहर्ट्झवरचे नको असलेले हार्मोनिक अडवतो. माझ्या रचनेत 270 पिकोफॅरडचे दोन आणि 680 पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर आहेत. 7 मेगाहर्ट्झला 680 पिकोफॅरडचा रिॲक्टन्स सुमारे 33 ओहम. पाच वॅट 50 ओहममध्ये जातात तेव्हा व्होल्टेज सोळाच्या आसपास असतं, म्हणजे त्या चिमुकल्या कपॅसिटरमधून साधारण अर्धा अँपिअर वाहतो. सिरॅमिक कपॅसिटरच्या एक्स-7-आर जातीत अडीच टक्क्यांपर्यंत लॉस चालवून घेतात. त्या हिशेबानं एकेका कपॅसिटरमध्ये 0.2 वॅटची नुसती उष्णता होते. सी-झिरो-जी, म्हणजेच एनपीओ जातीत हा लॉस 0.1 टक्का किंवा त्याहून कमी, त्यामुळे उष्णता 0.01 वॅटच्याही खाली राहते.

हा फरक मातीचाच आहे. एक्स-7-आरमध्ये बेरियम टायटनेट असतं. त्यानं लहान जागेत मोठं मूल्य बसतं, पण विद्युतक्षेत्र उलटसुलट होताना त्याच्या आतल्या रचनेला दर वेळी वळावं लागतं आणि त्यात ऊर्जा जाते. शिवाय तापमान, व्होल्टेज आणि वय यांनी त्याचं मूल्य सरकतं. एनपीओ त्याच मूल्याला आकारानं मोठा पडतो, पण एका अंशाला दशलक्षात तीसपेक्षा जास्त हलत नाही.

पुण्यात तापकीर गल्लीत मूल्य सांगितलं की कपॅसिटर मिळतो. मी मात्र आधी ‘एनपीओ आहे का?’ असंच विचारतो. डिस्क कपॅसिटरच्या डोक्यावर काळा पट्टा असला तर तो बहुधा एनपीओ असतो. तरी घरी आणून कपॅसिटन्स मीटरला लावतो आणि गरम सोल्डरिंग आयर्न जवळ धरतो. आकडा जागचा हलला नाही तरच तो फिल्टरमध्ये जातो. ज्याचा आकडा पळतो, त्याचं काम पुरवठ्याच्या तारेवर, डीकपलिंगला. तिथं तो चोख काम करतो.

ऑसिलेटरमध्ये तर ही निवड आणखी महत्त्वाची. कपॅसिटन्स एक टक्का सरकला तर फ्रिक्वेन्सी अर्धा टक्का सरकते, म्हणजे 7 मेगाहर्ट्झवर 35 किलोहर्ट्झ. आपल्याकडे हा अख्खा बँडच 200 किलोहर्ट्झचा. शिरूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत सकाळी जुळवलेला संच दुपारी भलतीकडेच बोलू लागेल.

भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी काकांचं उत्तर आलं: स्वर स्थिर, संदेश पूर्ण वाचता आला. पाच वॅटच्या त्या संपर्काचा आनंद मोठा होता. नव्यानं संच बांधणाऱ्या प्रत्येकाला माझं मनापासून सांगणं आहे: मूल्याइतकीच जात पाहा, आणि रेडिओ लहरींच्या वाटेवर एनपीओशिवाय दुसरा सिरॅमिक कपॅसिटर बसवू नका.